आधी सांगायला काय झालं होतं?

गेल्या मार्चअखेरीची गोष्ट. एका थकबाकीदाराला इंग्रजीत पत्र लिहीत होतो. मी टंकतो तो कोंबडीनं दाणे टिपावेत तसा. दोन्ही हातांची मिळून दोन बोटं काम करतात आणि उरलेली आठ बोटं, आमच्या शाखेतल्या काही मंडळींप्रमाणे, हजेरीपुरती असतात. डोळे कळफलकावर. त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते मला पान संपल्यावरच कळतं. त्या दिवशी पान संपवून मान वर केली तर सबंध पत्र मोठ्या अक्षरांत! कॅप्सलॉकची कळ केव्हा दाबली गेली होती, देव जाणे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बँक त्या गृहस्थाच्या अंगावर ओरडत होती. ओरडण्याला माझी वैयक्तिक हरकत नव्हती. पण पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' असं लिहायचं असतं.

अशा वेळी मी काय करतो? गेली वीस वर्षं करत आलो तेच. सगळं पुसतो आणि पहिल्यापासून लिहितो. पुसण्यासाठी मजकूर निवडला, एवढ्यात कॅन्टीनचा पोऱ्या चहा घेऊन आला. कपाला जागा करून द्यायला मी कळफलक सरकवला आणि कुठल्याशा दोन कळा एकदम दाबल्या गेल्या. बघतो तर सगळी अक्षरं धाकटी! एक शब्द न पुसता, एक शब्द न लिहिता, ओरडणारी बँक एकदम कुजबुजायला लागली.

त्या दोन कळा कोणत्या हे शोधून काढायला मला पाऊण तास लागला. शिफ्ट आणि एफ३. मजकूर निवडावा, शिफ्ट धरून एफ३ दाबावं. मोठी अक्षरं लहान होतात. दाबत राहावं तशी रूपं पालटतात: कधी सगळी मोठी, कधी नुसतं पहिलं अक्षर मोठं. मी तर त्या दिवशी पत्र बाजूला ठेवून नुसता दाबतच बसलो होतो. लहानपणी जत्रेत कळीचं माकड घेतलं होतं, त्यानंतर एवढा आनंद झाल्याचं आठवत नाही.

आनंद टिकला तीन मिनिटं. मग दुःख झालं. आणि मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे दुःख झालं की मी त्याचा हिशेब मांडतो. आठवड्याला एक पत्र असं बिघडतं असं धरू. दोन आठवडे रजेचे सोडून वर्षाचे पन्नास आठवडे. वीस वर्षांत एक हजार पत्रं. प्रत्येकामागे पाव तास. एकूण अडीचशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर सव्वाएकतीस दिवस! म्हणजे आयुष्यातला एक सबंध महिना मी, एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिण्यात घालवला. एवढ्या दिवसांत एल.एफ.सी. घेऊन सौ.ला काशी-रामेश्वर दोन्ही दाखवून झालं असतं. आणि हे झालं सरळव्याजानं. चक्रवाढीनं मांडायचा मला धीर झाला नाही.

शेजारच्या काउंटरवर नव्यानं लागलेली एक मुलगी बसते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिला म्हटलं, "अगं, हे बघ काय सापडलं!" तिनं नोटा मोजण्याच्या यंत्रावरची नजर न काढता म्हटलं, "अहो काका, ते माहीतच आहे की!"

माहीतच आहे की!

वाचकहो, ह्या तीन शब्दांविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. लेख विनोदी वाटला तर तो तुमचा मोठेपणा. मी मात्र भांडायलाच बसलो आहे. ज्यांना माहीत आहे आणि जे सांगत नाहीत, त्यांच्याशी माझं भांडण आहे; आणि ते मी शेवटपर्यंत नेणार आहे, मग शेवटी कुणीही सापडो.

ह्या जाणकार मंडळींचा मी वीस वर्षं अभ्यास केला आहे. त्यांतला एक प्रकार 'झालं!' म्हणणाऱ्यांचा. तुम्ही अडलात की हा तुमच्या खुर्चीत बसतो, तुम्हाला उभं करतो, कळफलकावर टकटकटक असा तबल्याचा एक तुकडा वाजवतो आणि 'झालं!' म्हणून उठतो. काय झालं, कसं झालं, तुम्हाला काही दिसलेलं नसतं. हात बघायला वाकावं तर त्याचा खांदा मध्ये. जादूगार निदान रुमाल तरी दाखवतो. दुसरा प्रकार 'सोपं आहे हो' म्हणणाऱ्यांचा. हा सांगतच नाही. सोपं आहे एवढंच सांगतो. पोहता येणाऱ्यानं बुडणाऱ्याला काठावरून 'पाणी फार नाही' म्हणावं तसं. आणि तिसरा प्रकार सगळ्यांत घातक, 'गूगलवर शोधा' म्हणणाऱ्यांचा. अरे, पण काय शोधू? हरवलेली किल्ली माणूस शोधतो, कारण किल्ली आहे हे त्याला ठाऊक असतं. मोठी अक्षरं एका दाबात लहान होतात हेच ज्याला माहीत नाही, तो वीस वर्षं काय म्हणून शोधणार? मी तर समजत होतो की जगात सगळेच पुन्हा लिहितात.

कुणी म्हणेल, ह्या कळा मुळातच गुप्त असतील. मुळीच नाही. मी ह्या प्रकरणाचा इतिहास काढला आहे. (मार्चअखेर संपल्यावर काढला, अधिकाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) १९७८ साली वर्डस्टार नावाची प्रणाली आली. तिला माऊस ठाऊक नव्हता. सगळा कारभार कळांवर. कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स दाबलं की वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. पण गंमत अशी की ह्या कळांची यादी पडद्याच्या वरच्या भागात छापलेलीच असायची! विसरलास? मान वर कर, वाच. पुढे वर्डपर्फेक्ट आली, तिच्याबरोबर कळफलकावर एफ-कळांशी ठेवायची एक छापील पट्टी मिळायची. कुठल्या कळेनं काय होतं ते तिच्यावर लिहिलेलं. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाला कळा पाठ नव्हत्या हे गृहीत धरलं होतं, आणि त्यात काही कमीपणा मानला जात नव्हता.

आणखी मागे जा. कापा आणि चिकटवा, म्हणजे कट-पेस्ट, ही सोय १९७० च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क ह्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट ह्या दोघांनी 'जिप्सी' नावाच्या प्रणालीत बसवली. ती कुणासाठी? शास्त्रज्ञांसाठी नव्हे; जिन नावाच्या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशन संस्थेच्या संपादकांसाठी. म्हणजे आपल्यासारख्याच, कागद कापून डिंकानं चिकटवणाऱ्या माणसांसाठी. एक कळ आत्ता एक काम करते आणि जरा वेळानं दुसरंच, असल्या फसवाफसवीचा ह्या टेस्लरला इतका तिटकारा की त्यानं आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं लिहून घेतलं होतं. हा भला माणूस २०२० साली गेला. माझ्या मते त्याच्यासाठी देशोदेशीच्या कारकुनांनी दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं. आमच्याकडे तर त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही मात्र श्वासासारखं चालू आहे.

मग लपवालपवी सुरू कधी झाली? माझं निदान असं आहे. वर्ड १९८३ साली आलं. पुढे त्यात यादी खाली उघडायची आणि प्रत्येक आज्ञेसमोर उजव्या अंगाला तिची कळ छापलेली असायची. 'छापा' समोर कंट्रोल-पी, 'शोधा' समोर कंट्रोल-एफ. माणूस माऊसनं काम करता करता कळ वाचायचा, आणि रोज तोच फलक वाचणाऱ्या बसच्या प्रवाशासारखी ती त्याला नकळत पाठ व्हायची. २००७ च्या आवृत्तीपासून त्या याद्या गेल्या आणि त्यांच्या जागी रंगीत चित्रांची पट्टी आली. आता एखाद्या चित्रावर माऊस नेऊन, श्वास रोखून थांबावं, तेव्हा कळेचं नाव तरंगत वर येतं. काहींच्या बाबतीत तेही येत नाही. नळावर 'पिण्याचे पाणी' लिहिलेली पाटी काढायची आणि 'नळाजवळ जरा वेळ उभे राहिल्यास कळेल' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

आता एक खरी घडलेली हकिगत सांगतो, म्हणजे हा नुसता बोटांचा प्रश्न नाही हे ध्यानात येईल.

आमच्या शाखेत मामा आहेत. शिपाई म्हणून लागले, परीक्षा दिली, पन्नाशीजवळ आल्यावर कारकून झाले. येत्या जूनमध्ये निवृत्त होतील. अक्षर असं की धनादेशावर लिहिलं तर वटवू नये, चौकटीत लावावं. पण हातात पेनाऐवजी संगणक आला आणि मामांची रया गेली. एका तरुण अधिकाऱ्यानं (प्रकार 'झालं!') त्यांना एक दिवस औदार्यानं दाखवलं: "मामा, तारीख कशाला टंकता? आल्ट-शिफ्ट-डी. झालं!" आणि खरोखरच आजची तारीख आपोआप उमटली. मामा खूश. त्या दिवसापासून प्रत्येक पत्रावर आल्ट-शिफ्ट-डी.

अधिकाऱ्यानं अर्धीच गोष्ट सांगितली होती. ही तारीख जिवंत असते. ती लिहिलेली तारीख नव्हे, 'आजची तारीख दाखव' असा हुकूम असतो. फाइल उद्या उघडा, उद्याची तारीख. दिवाळीला उघडा, दिवाळीची. आठ महिन्यांनी तपासणी आली. एका आक्षेपाला मामांनी वेळेत उत्तर पाठवलं होतं, त्याची स्थळप्रत मागितली. कागदाची प्रत कुठे सापडेना, म्हणून मामांनी संगणकातून छापून दिली. तिच्यावर त्याच दिवसाची तारीख! तपासनीस साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे उत्तर आज तयार केलंत?" तीस वर्षांत ज्यांच्या नावापुढे लाल शाई लागली नव्हती, त्या माणसाकडे लेखी खुलासा मागितला गेला. मामांनी रात्री बसून खुलासा टंकला, आणि तारीख कशी घातली असेल सांगा बरं? आल्ट-शिफ्ट-डी. दुसऱ्या दिवशी छापायला घेतला तर त्याचीही तारीख पुढे गेलेली. मामांना वाटलं, आपल्याला भ्रम व्हायला लागला.

शेवटी वाचवलं कुणी? जावक नोंदवहीनं. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या तारखेला, मामांच्या मोत्यांसारख्या अक्षरांत, निळ्या शाईनं नोंद होती. प्रकरण मिटलं. पण चार दिवस मामा डबा न उघडता घरी नेत होते, हे मी पाहिलं आहे. तरुण अधिकारी म्हणाला, "अरे हो, ती अपडेट होते. माहीतच आहे की!"

आता मला सांगा, हा विनोद आहे का?

माझ्यावर दोन आक्षेप येतात. पहिला आमच्या व्यवस्थापकांचा. ते म्हणतात, "शॉर्टकटनं माणूस आळशी होतो." ह्या शब्दानंच घात केला आहे. आपल्याकडे शॉर्टकट म्हणजे कुंपण ओलांडून जाणं, गाईड वाचून पास होणं. वास्तविक आडवाट आहे ती माऊसची! हात कळफलकावरून उचला, उंदीर पकडा, पडद्यावर बाण हरवला असेल तर तो हुडका, चित्रांच्या गर्दीतून हवं ते चित्र ओळखा, टिचकी मारा, पुन्हा हात जागेवर आणा. वळसा घालून सासुरवाडीला जाणाऱ्या जावयासारखा हा प्रवास. त्यापेक्षा कंट्रोल आणि बॅकस्पेस दाबलं की सबंध शब्द पुसला जातो, हा राजमार्ग नाही का? ज्यानं ह्यांना शॉर्टकट म्हटलं त्यानं आमच्यासारख्या पापभीरू माणसांना पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापासून दूर ठेवलं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. जाणकार माणूस लपवतो, कारण सांगितलं तर त्याचंच काम वाढतं. हे मी अनुभवानं सांगतो. एप्रिलमध्ये मी एफ४ शिकलो. आत्ता केलेलं काम ह्या कळेनं पुन्हा होतं. आल्ट-शिफ्ट धरून वरचा-खालचा बाण दाबला की सबंध परिच्छेद उचलून वर-खाली नेता येतो, हेही कळलं. त्या आठवड्यात माझी पत्रं साडेचारला संपली. व्यवस्थापक प्रेमानं जवळ आले आणि त्यांनी पलीकडच्या टेबलाचं तिमाही विवरणपत्र माझ्यासमोर ठेवलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी पुन्हा पावणेसहापर्यंत काम करू लागलो, आणि कळा दाबताना कुणी बघत नाही ना, अशी दारावर नजर ठेवू लागलो.

तेव्हा जाणकारांवर जेवढा माझा राग, तेवढाच वरच्या मंडळींवर. ठेव ठेवणाऱ्याला व्याज मिळतं, हा आमच्या धंद्याचा पाया. मग वेळ वाचवणाऱ्याला त्या वेळेतला निदान एक चहाचा कप तरी शांतपणे का मिळू नये? वाचलेल्या वेळेवर पहिला बोजा वाचवणाऱ्याचा असला पाहिजे. तो सगळाच्या सगळा दुसऱ्याच्या खात्यात वळता होत असेल, तर शहाणा माणूस वेळ वाचवणार नाही, किंवा वाचवून गादीखाली ठेवील.

मराठीचं तर आणखी निराळं. तो शिफ्ट-एफ३ मी हौसेनं मराठी मजकुरावर दाबून पाहिला. काही झालं नाही. कसं होणार? आपल्या लिपीत मोठी अक्षरं आणि लहान अक्षरं असा भेदच नाही. समाजाला जे जमलं नाही ते लिपीनं कधीच करून ठेवलं आहे! पण आपल्या लिपीच्या ज्या खऱ्या अडचणी, त्यांवरच्या युक्त्या मात्र कुणी सांगत नाही. 'स्त्री' हा शब्द घ्या. त्याच्यामागे उभं राहून बॅकस्पेस दाबलं तर तो एकेक तुकडा सोडत, सहा दाबांनी जातो. पुढे उभं राहून डिलीट दाबलं तर ते जोडाक्षर एका दमात नाहीसं होतं. हे ठाऊक नसल्यामुळे मी वर्षानुवर्षं स्त्रीवर सहा सहा प्रहार करत आलो. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात नवीन ते काय?"

शाखेच्या वर्धापनदिनाला जेवण झालं. त्याच्या खर्चाच्या व्हाउचरवर मी 'आचाऱ्यांचे बिल' असं लिहू पाहत होतो. उमटत होतं 'आचार्यांचे बिल'. चार वेळा खोडलं, चार वेळा आचार्यच. शेवटी तसंच गेलं, आणि बुंदी पाडल्याबद्दल आचार्यांना पैसे दिल्याची नोंद आमच्या दप्तरी कायमची राहिली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर जे ह्या कळेवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की निराळा ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा आणि तिरकी रेघ दाबून य जोडायचा. झाला ऱ्य! एवढं वाक्य मला कुणी त्या दिवशी सांगितलं असतं, तर आचार्यांची अब्रू वाचली असती.

रुपयाच्या चिन्हाचंही तेच. हे चिन्ह २०१० साली आलं, आणि मी बँकेचा माणूस असूनही कैक वर्षं 'रु.' वरच गुजराण केली. वर्डमध्ये इंग्रजीत २०बी९ टंकावं आणि लगेच आल्ट-एक्स दाबावं. आकडे नाहीसे होऊन रुपया उभा राहतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे रुपये मोजले, पण शून्यातून रुपया काढल्याचं समाधान तेव्हा प्रथमच मिळालं.

असो. भांडण शेवटपर्यंत नेणार असं म्हटलं होतं. शेवटी जो सापडला, त्याच्याविषयी आता लिहिणं भाग आहे.

वर्डमध्ये तीन वेळा आडवी रेघ टंकून एंटर दाबलं की पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक रेष उमटते. ती मग काही केल्या पुसली जात नाही. बॅकस्पेसला दाद देत नाही, डिलीटला देत नाही. निवडायला जावं तर निवडली जात नाही. आमच्या शाखेत ह्या रेषेनं हाहाकार केला होता. मला तिचा उतारा अचानक सापडला. ती रेष म्हणजे अक्षर नसून वरच्या परिच्छेदाची किनार असते. त्या परिच्छेदात जाऊन कंट्रोल-क्यू दाबलं की परिच्छेदाचे सगळे दागदागिने उतरतात, किनारसुद्धा.

मी काय केलं असेल? सगळ्यांना सांगितलं? छे! दोन महिने मी ह्या एका कळेवर राज्य केलं. "जरा येता का? ती रेष आली आहे," अशी हाक आली की मी सावकाश उठायचो, खुर्चीत बसायचो, खांदा मध्ये घालायचो, आणि कंट्रोल-क्यूच्या आधी दोन-चार निरुपयोगी कळा उगीचच दाबायचो, म्हणजे बघणाऱ्याला माग लागू नये. मग म्हणायचो, "झालं!" चहा यायचा. कधी बरोबर खारी यायची. वीस वर्षांत शाखेत मला एवढा मान मिळाला नव्हता.

एके दिवशी संध्याकाळी छत्री विसरली म्हणून परत आलो. सात वाजले होते. सगळीकडे दिवे मालवलेले, एका टेबलावर उजेड. मामा बसले होते. समोर पडद्यावर कोरं पान, शेजारी एक छापलेला कागद. त्यावरून ते एकेक अक्षर शोधत पहिल्यापासून टंकत होते.

"मामा, अजून?"

ते ओशाळले. "काही नाही साहेब. ती रेष आली. आता पुन्हा लिहून काढतोय, होईल अर्ध्या तासात."

"अहो, मला हाक मारायची!"

"सकाळपासून दोनदा मारली होती तुम्हाला. सारखा किती त्रास द्यायचा?"

सव्वाएकतीस दिवसांचा माझा जो हिशेब होता, त्यातला अर्धा तास आता मामांच्या नावावर पडत होता. आणि तो मी खारीच्या दोन तुकड्यांना विकला होता. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. शेजारी, त्यांच्या खुर्चीत नव्हे. त्यांचंच बोट धरून कंट्रोलवर ठेवलं, दुसरं क्यूवर. रेष गेली. मामांनी ती मुद्दाम पुन्हा काढली आणि पुन्हा घालवली. असं पाच-सहा वेळा केलं. कळीच्या माकडाचा आनंद मी पुन्हा पाहिला, ह्या वेळी दुसऱ्याच्या तोंडावर.

"एवढंच होतं?" ते म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एक मोठा कागद घेतला, त्यावर मला येतात त्या सगळ्या कळा शुद्ध मराठीत लिहिल्या आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवला. शिफ्ट-एफ३, एफ४, कंट्रोल-बॅकस्पेस, कंट्रोल-क्यू. शिफ्ट-एफ५: मागं जिथं काम सोडलं होतं तिथं परत नेतं. कंट्रोल-एंटर: नवं पान, त्यासाठी एंटर चाळीस वेळा दाबू नये. एफ८ दोनदा दाबलं की शब्द, तीनदा वाक्य, चारदा परिच्छेद निवडला जातो. सुटका हवी असल्यास एस्केप. सजावट एका मजकुरावरून दुसऱ्यावर नेण्याची कळ लिहिताना मात्र दोन ओळी लागल्या: जुन्या आवृत्तीत कंट्रोल-शिफ्ट-सी आणि व्ही, नव्या आवृत्तीत कंट्रोल-आल्ट-सी आणि व्ही, कारण पाठ झालेली कळ बदलून टाकण्याची हौस कुणाला तरी आहेच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ज्याला आणखी माहीत असेल त्यानं खाली लिहावं. माहीतच आहे की, असं म्हणू नये.'

व्यवस्थापकांनी विचारलं, "परवानगी घेतली होती का?" पण जाताना त्यांनी चष्मा लावून एफ४ ची ओळ दोनदा वाचली, हे मी पाहिलं. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, एफ८ मला नव्हतं हं माहीत." त्या दिवशी माझा अर्धा राग गेला.

आठवड्यानं पाहतो तर कागदाच्या तळाशी, निळ्या शाईनं, मोत्यांसारख्या अक्षरांत एक नवी ओळ: 'आल्ट-शिफ्ट-डीने घातलेली तारीख निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबल्यास ती तारीख कायमची होते, पुढे सरकत नाही.' खाली सही आणि पेनानं लिहिलेली तारीख.

मी करून पाहिलं. खरंच! तारीख गोठली. मी धावत मामांकडे गेलो.

"मामा, ही कळ तुम्हाला कधीपासून माहीत?"

"त्या खुलाशानंतर नातवाला विचारून घेतली होती. झाले की सात-आठ महिने."

"सात-आठ महिने! अहो, माझ्या सगळ्या पत्रांच्या तारखा रोज पुढे पळतायत! आधी सांगायला काय झालं होतं?"

मामा जरा गोंधळले. मग म्हणाले, "मला वाटलं साहेब, तुम्हाला माहीतच असेल की."